ध्वनिमुद्रिकांची पाठचिकित्सा

एखाद्या जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती परीक्षणासाठी हाती आली, म्हणजे आपण पहिला प्रश्न विचारतो तो असा, की संपादकाने कोणती प्रत प्रमाण मानली? मूळ प्रतीतील कोणते पाठ ठेवले, कोणते गाळले, आणि गाळले असल्यास तसे सांगितले आहे काय? एवढे पाहिल्यावाचून जो परीक्षक थेट ग्रंथकर्त्याच्या थोरवीचे गोडवे गाऊ लागतो, त्याच्या लेखास आपण परीक्षण म्हणत नाही, प्रशस्ती म्हणतो. ही शिस्त आपल्या भाषेत काही काल-परवा आलेली नाही. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठशोधन केले, ते याच काळजीपोटी. पुढे १९०९ साली राजवाड्यांनी आपणांस गवसलेली जुनी प्रत छापली, तेव्हा त्या प्रतीच्या काळाविषयी नि भाषेविषयी विद्वानांत वाद माजले. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. एका ग्रंथाचा पाठ निश्चित करण्यास सत्तेचाळीस वर्षे लागली, आणि ती व्यर्थ गेली असे कोणी म्हटल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

असे असता, जुन्या गायकांच्या ध्वनिमुद्रिकांची नवी आवृत्ती निघते तेव्हा मात्र ही सारी शिस्त आपण कोठे ठेवून येतो, हे कळत नाही. गेल्या काही वर्षांत जुन्या तबकड्या, आकाशवाणीच्या फिती, खाजगी मैफलींची ध्वनिमुद्रणे यांचा पूर लोटला आहे. पूर्वी ज्या तबकडीसाठी जुन्या बाजारात महिनोन् महिने हिंडावे लागे, ती आज खिशातील दूरध्वनीवर ऐकावयास मिळते. हे भाग्यच होय, आणि त्याबद्दल कुरकुर करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या आवृत्त्यांची जी परीक्षणे आमच्या वाचनात येतात त्यांत गायकाचे घराणे असते, त्याच्या फिरतीचे वर्णन असते, एखादी आख्यायिका असते; आणि जे आपल्या कानांवर पडते आहे ते त्या गायकाचेच आहे की मध्यंतरी कोणा अनामिक लेखनिकाने त्यात हात घातला आहे, याविषयी एक अक्षरही नसते. हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा नाही, विद्यार्थ्यांना संगीत शिकविणाऱ्या प्रत्येकाचा आहे, असे आमचे मत आहे.

आमची खात्री पटली ती एका साध्या प्रसंगाने. वरच्या वर्गातील मुलांना जुन्या गायनाची ओळख व्हावी म्हणून आम्ही शाळेत अधूनमधून ध्वनिमुद्रिका ऐकवीत असतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका गायिकेची एकच तबकडी दोन निरनिराळ्या आवृत्त्यांतून आमच्याकडे आली होती. सहज म्हणून दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ एक लावल्या, आणि नाव न सांगता मुलांना विचारले, की या गाण्यांविषयी काय वाटते? मुलांनी बिनदिक्कत सांगितले, “सर, पहिली कोणी मुलगी आहे, दुसऱ्या बाई आहेत.” गाणे एक, गायिका एक, तबकडी एक, आणि ऐकणाऱ्यास व्यक्ती दोन! पहिल्या आवृत्तीतील तान चपळ वाटली, पण उथळ. दुसरीतील तीच तान सावकाश, वजनदार. मुलांनी पहिली ऐकूनच घर गाठले असते, तर त्या बाईंच्या गायनाविषयी त्यांचे जन्माचे मत कोणी बनविले असते? यंत्राच्या वेगाने.

हा वेगाचा घोळ कसा उत्पन्न झाला ते थोडे सांगितले पाहिजे. फ्रेड गायझबर्ग हा ध्वनिमुद्रक १९०२ साली कलकत्त्यास आला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने गौहरजान प्रभृती कलावंतांची गाणी मुद्रित केली. तेथून हिंदी संगीताच्या तबकड्यांचा इतिहास सुरू होतो. त्या वेळी ध्वनिक्षेपक नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे, त्या आवाजाच्या बळावर सुई मेणाच्या चकतीवर रेघ ओढी, आणि ती मेणाची चकती जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवून तेथून तबकड्या छापून येत. १९०८ साली कलकत्त्यास सियालदा येथे कारखाना निघाल्यावर हा समुद्रप्रवास सरला. चकती फिरविण्याच्या वेगाचे बंधन मात्र बराच काळ कोणीच पाळीत नव्हते. मिनिटास ७८ फेरे हा दंडक पुढचा. कर्ण्याच्या काळात तो वेग कधी ७०च्या आसपास, तर कधी ८०च्या पलीकडेही असे. १९२५च्या सुमारास विजेच्या साह्याने मुद्रण होऊ लागले, आणि त्यानंतर या बाबतीत पुष्कळशी शिस्त आली.

आता समजा, ७२ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी कोणी डोळे मिटून ७८ फेऱ्यांनी वाजविली आणि त्यावरून नवी आवृत्ती काढली. काय होईल? तीन मिनिटांचे गाणे दोन मिनिटे सेहेचाळीस सेकंदांत उरकेल. मिनिटाला ६० मात्रांची लय ६५वर जाईल. काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोन ओलांडून काळी दोनच्या वाटेला लागेल, आणि मध्येच कोठे तरी अडकेल. ठुमरीतील ठेहराव जाईल, मींड आखडेल, आंदोलनाचे कंपन होईल. एवढ्या गोष्टी बदलल्यावर जे उरते त्यास त्या गायिकेचे गाणे म्हणणे म्हणजे ओवीचा चौथा चरण पहिल्या तिहींइतका लांबवून तिला ज्ञानदेवांची ओवी म्हणण्यापैकीच आहे.

यावर कोणी म्हणेल, की चावीच्या ग्रामोफोनवर तरी वेग कोठे स्थिर होता? चावी उतरू लागली की गाणे रडू लागे, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी हसत हसत सांगितलेले आम्हांसही आठवते. आक्षेप खोटा नाही. परंतु त्या यंत्राला वेग कमीजास्त करण्याचा एक लहानसा खटका असे, आणि जाणता माणूस पेटीशी सूर ताडून तो जुळवून घेई. चूक ऐकणाऱ्याच्या हातची होती, दुरुस्तीही त्याच्याच हातची होती. आजच्या आवृत्तीत चूक एकदाच होते आणि तीच कायमची पाठ होऊन बसते. हजारो प्रती त्याच चुकीच्या निघतात. हस्तलिखित आणि छापील ग्रंथ यांतील फरकच हा.

या जागी गोमंतकाच्या एका लेकीची गोष्ट आठवते. केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीची तबकडी १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत समाविष्ट झाली, हे बहुतेकांस ठाऊक आहे. ती याने त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात निघाली आणि सप्टेंबरातच केसरबाई निवर्तल्या. आज ती दोन्ही याने पृथ्वीपासून २,००० कोटी किलोमीटरांपलीकडे आहेत. या गोष्टीचा अभिमान मिरविणारे लेख आपल्याकडे पुष्कळ झाले. पण त्या तबकडीच्या वेष्टनावर काय कोरले आहे, याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. तबकडी कोणत्या वेगाने फिरवावी, तिच्या एका फेऱ्यास किती वेळ लागावा, म्हणजे ३.६ सेकंद, हे हायड्रोजनच्या अणूतील एका कालमानाच्या आधारे त्या वेष्टनावर चित्ररूपाने सांगितले आहे. कोणा परग्रहवासीयांच्या हाती, मिळालीच तर, ती लाखो वर्षांनी पडावयाची. त्यांना कान असतील की नाही हेही माहीत नाही. तरी केसरबाईंची भैरवी त्यांनी चुकीच्या पट्टीत ऐकू नये, एवढी काळजी तेथे घेतली आहे. आणि आमच्या मडगावच्या, बेळगावच्या, इंदूरच्या श्रोत्यांसाठी निघणाऱ्या आवृत्तीवर मूळ तबकडी कोणत्या वेगाने वाजविली, याचा उल्लेख शोधूनही सापडू नये!

केसरबाईंच्या त्या साडेतीन मिनिटांविषयी आणखीही बोलण्यासारखे आहे, कारण आमचा दुसरा मुद्दा त्यातूनच निघतो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन ते साडेतीन मिनिटे मिळत. एवढ्या वेळात ख्याल कसा मावणार, ही बिचाऱ्या गायकांची केवढी कुचंबणा, असे सहानुभूतीचे उद्गार परीक्षणांतून नेहमी निघतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. केसरबाईंचे गाणे मुळात दीर्घ दमाचे, अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीतले, एकेका आवर्तनाची वीण घट्ट बांधीत नेणारे. त्या गाण्याचा तुकडा कापून तबकडीत भरला असता, तर तो तुकडाच वाटला असता. तसे झालेले नाही. भैरवीचा पहिला स्वर लागताच पूर्ण भारदस्त आवाज उभा राहतो, भूमिका मांडण्यात वेळ जात नाही, आणि शेवट येतो तो घड्याळाने हाकलला म्हणून येत नाही, गाणे भरले म्हणून येतो. चौदा ओळींचे सुनीत हा खंडकाव्याचा तुकडा नव्हे. त्याची बांधणीच वेगळी असते. तबकडीचे गाणे हाही असाच एक स्वतंत्र रचनाप्रकार होता, आणि तो ज्यांना साधला त्यांनी त्यासाठी वेगळा विचार केला होता, असे आम्हांस वाटते.

अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी घ्या. ती १९३०च्या दशकातली, म्हणजे विजेच्या मुद्रणातली. खाँसाहेब १९३७ साली वारले. तेव्हा आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतले हे गाणे. पिढ्यान् पिढ्या ते ऐकत आल्या आहेत आणि अजून त्याची गोडी उतरत नाही. कारण काय? त्यात तानांची आतषबाजी नाही, लयकारीचा डौल नाही. सूर लावावयाचा आणि त्यावर थांबावयाचे. शब्द पुन्हा घ्यावयाचा आणि या खेपेस तो किंचित निराळ्या बाजूने दाखवावयाचा. तीन मिनिटे हाती असता थांबण्याचे धैर्य खाँसाहेबांनी केले, ही त्या तबकडीची खरी थोरवी. घाई करण्यास सबळ कारण असताना ज्याने घाई केली नाही, त्याचा संयम आपणांस आज तासभराच्या ध्वनिमुद्रणांतही अभावानेच आढळतो. १९०५च्या सुमारास त्यांनी कर्ण्यासमोर गायिलेल्या तबकड्यांशी ही ठुमरी ताडून पाहावी. तेव्हाचा गायक तरुण आहे, आणि मिळालेल्या वेळात सगळे काही दाखविण्याची त्याची धडपड आहे. परंतु येथेच सावध व्हावयास हवे. ती धडपड खाँसाहेबांची किती आणि चुकीच्या वेगाची किती, हे निश्चित झाल्यावाचून ‘तरुणपणी ते चंचल गात, पुढे गंभीर झाले’ असा सिद्धान्त मांडणे म्हणजे वाळूवर घर बांधणे होय. खाँसाहेबांचा आवाज मुळातच बारीक आणि टोकदार. तो आणखी सव्वा-दीड अर्धस्वर वर चढविला, म्हणजे टीकाकारांस ‘कृत्रिम’ हा शब्द सुचण्यास कितीसा वेळ लागणार?

वेगाइतकाच घातक दुसरा रोग म्हणजे शुद्धीकरण. जुन्या तबकडीत खरखर असते. नव्या यंत्रविद्येने ती पुसता येते, आणि आता तर फारच सफाईने पुसता येते. पण खरखर ज्या उंच नादांच्या पट्ट्यात असते त्याच पट्ट्यात शब्दांतील सकार-चकारांची धार असते, तंबोऱ्याची जवारी असते, तबल्याच्या चाटेवरचा टणत्कार असतो, गायकाचा श्वास असतो. खरखर पुसणारा हात जरा जड पडला की हे सारे तिच्याबरोबर वाहून जाते, आणि मागे उरतो तो रजईत गुंडाळल्यासारखा एक गुळगुळीत आवाज. जुन्या पोथ्यांचे लेखनिक असेच करीत. त्यांना एखादे जुने रूप अपरिचित वाटले की ‘हे अशुद्ध दिसते’ म्हणून ते आपल्या काळचे रूप घालीत. हेतू शुद्धीचा, परिणाम नासाडीचा. आम्ही तर म्हणू, की खरखरीसकट गाणे ऐकण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. पाच-सहा वेळा ऐकल्यावर कान ती आपोआप बाजूला सारतो. पुसून टाकलेली जवारी मात्र कोणताही कान परत आणू शकत नाही.

तिसरी गोष्ट सांध्यांची. फैयाझखाँसाहेबांच्या काही तबकड्यांत एका बाजूस नोम्-तोमचा आलाप आणि दुसऱ्या बाजूस बंदिश अशी मांडणी आहे. वडोद्याच्या दरबारचा हा गवई आलापासाठी ख्यात होता, आणि एका बाजूपुरता आलाप कोठे भरतो, कोठे मिटवावा, याचा त्याने केलेला विचार ऐकताना स्पष्ट कळतो. नव्या आवृत्तीत दोन्ही बाजू एकास एक जोडल्या, मधली शांतता कापली, म्हणजे एका बैठकीत सलग गायिल्याचा भास उत्पन्न होतो. हा भास खोटा आहे. तबकडी उलटताना जे क्षण जात ते त्या रचनेत धरलेले होते. आकाशवाणीच्या फितींवरून निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांत हाच गवई ऐसपैस बसून गातो, तेव्हा त्याचे आलाप निराळ्या अंगाने वाढतात. दोन्ही प्रकार आपापल्या जागी खरे. त्यांची सरमिसळ तेवढी खोटी. फैयाझखाँसाहेब १९५० साली गेले. त्यांच्यासारख्याच्या बाबतीत तबकडी आणि फीत अशी दोन्ही साधने शेजारी शेजारी असणे हा परीक्षकास मोठाच लाभ आहे, आणि त्याचा उपयोग करून घेणारे लेखन आपल्याकडे फार थोडे झाले आहे.

चौथी गोष्ट लहान वाटेल, पण आम्हांस ती सर्वांत जास्त खुपते. कर्ण्याच्या काळातील पुष्कळ तबकड्यांच्या शेवटी गायक किंवा गायिका आपले नाव उच्चारते. गौहरजानने इंग्रजीत सांगितलेले नाव तर प्रसिद्धच आहे. हॅनोव्हरच्या कारागिरांस कोणती चकती कोणाची हे कळावे म्हणून ही तजवीज होती, असे सांगतात. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, गाव, शक लिहितो, ती जशी पुष्पिका, तशीच ही नादातली पुष्पिका होय. नव्या आवृत्तीत ती ‘गाण्याचा भाग नव्हे’ म्हणून सर्रास कापली जाते. पुष्पिका फाडलेली पोथी संशोधकास कितपत उपयोगी, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. आणि येथे तर तिचा आणखी एक उपयोग आहे. गाताना आवाज कोणत्याही पट्टीत असू शकतो. बोलताना मात्र माणूस माणसासारखा बोलतो. वेग चुकला असेल तर ते बोलणे लगेच चुगली करते.

नुसत्या दोषांची यादी करणे हा आमचा हेतू नाही. चांगले कामही झालेले आहे. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियातील गृहस्थाने ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील हिंदी ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तबकडीवर कोरलेल्या क्रमांकांवरून मुद्रणाचा काळ नि स्थळ ठरविण्याची ही विद्या हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीइतकीच आदरणीय आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या मंडळींनी याच दिशेने वर्षानुवर्षे पदरमोड करून काम केले आहे. विद्यापीठांनी करावयाचे काम हौशी माणसांनी केले, ही आपल्याकडची नेहमीची कथा.

जे मुद्रितच झाले नाही त्याचे काय, असाही प्रश्न येतो. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचा आवाज आपणांस उपलब्ध नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते, तरी त्यांच्या गाण्याची तबकडी निघाली नाही. मूळ संहिता हरवली, आता हाती राहिल्या त्या शाखांच्या प्रती, अशी ही स्थिती आहे. केसरबाईंची एक शाखा, मोगूबाई कुर्डीकरांची दुसरी. आणि मंजीखाँ व भूर्जीखाँ या पुत्रांच्या तालमीतून धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांकडे आलेली तिसरी. नटकामोद, बिहागडा, ललितागौरी यांसारखी या घराण्याची खास रागरूपे निरनिराळ्या शाखांतून ऐकावी, तिन्हींत जे समान आढळते ते मुळाच्या जवळचे समजावे, आणि जे एकाच ठिकाणी आढळते ते त्या त्या कलावंताचे स्वतःचे समजावे; पाठचिकित्सेचा हा प्राथमिक नियम येथेही लागू पडावा. मन्सूरांची धाप लागल्यासारखी, श्वासाला श्वास जोडीत जाणारी गती खाँसाहेबांची की मन्सूरांची, यावर दोन मते होऊ शकतील. पण मत देण्यापूर्वी ज्या ध्वनिमुद्रणावरून ते द्यावयाचे त्याचा वेग खरा असला पाहिजे, हे तर कोणीही मान्य करील. कुरुंदवाडास अखेरचे दिवस काढलेल्या रहिमतखाँच्या मोजक्या तबकड्यांविषयीही असेच. त्या त्यांच्या उतारवयातल्या आणि कर्ण्याच्या काळातल्या. त्यांवरून ग्वाल्हेर गायकीचा ताळेबंद मांडणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

दीर्घ तबकडी आली आणि वेळेचे बंधन सैल झाले. तिच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. या नव्या सवलतीचा अर्थ ज्यांना पहिल्याने उमगला त्यांत इंदूरचे अमीरखाँ अग्रेसर होत. एका बाजूस मारवा आणि दुसरीस दरबारी अशी त्यांची १९६० सालची तबकडी आमच्या मते केवळ उत्तम गाणे नव्हे, तर ध्वनिमुद्रणाच्या मर्यादेशी गाण्याची रचना जुळल्याचे एक ठळक उदाहरण आहे. अतिविलंबित झुमऱ्याचे चौदा मात्रांचे आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालते. जुन्या तबकडीत त्याची तीनच आवर्तने मावली असती. येथे पंचमाला फाटा देऊन आणि षड्जाला हुलकावण्या देत मारवा मंद्रात रेंगाळतो; ऋषभ-धैवतांच्या त्या अस्वस्थ जागा पुन्हा पुन्हा येतात, पण पुनरुक्ती वाटत नाही. कोठेही उगाच भर घातलेली नाही, आणि बाजू संपते तेव्हा आणखी दहा मिनिटे हवी होती असेही वाटत नाही. दरबारी त्याच तोलाची आहे असे अनेक रसिक म्हणतात. आमचा कौल मारव्याला.

आजची नवी ध्वनिमुद्रणे ऐकताना नेमकी हीच रुखरुख लागते. आता वेळेचे बंधन मुळीच नाही. तासाचा ख्याल हवा तर तासाचा, दोन तासांची मैफल हवी तर तीही. सुदैवाने आता तारीख, स्थळ, साथीदार यांची नोंद बहुधा असते, आणि मैफलीची मुद्रणे सबंधच्या सबंध मिळतात. पण दालनात बसून केलेल्या मुद्रणांत आणखी एक विकार शिरला आहे. तंबोरा यंत्रातला, गोलघुमटाचा घुमारा यंत्रातला, चुकलेली जागा दुसऱ्या वेळच्या गाण्यातून आणून चिकटविलेली, श्वास पुसलेला. म्हणजे जे शुद्धीकरण जुन्या गायकांवर त्यांच्या मरणानंतर झाले, ते आजच्या गायकांवर जन्मतःच होते आहे! ज्यांनी गायक समोर बसून ऐकला आहे त्यांची फसगत होणार नाही. परंतु ज्याने केवळ अशी मुद्रणेच ऐकली, तो विद्यार्थी आपल्या स्वतःच्या श्वासाची लाज बाळगू लागेल, ही भीती आम्हांस खरोखर वाटते. त्यापेक्षा भरमैफलीत तंबोरा मध्येच उतरला, तो पुन्हा मिळविण्यात दोन मिनिटे गेली, कोणी खोकले, कोणाची ‘वाहवा’ समेच्या आधीच निसटली, असे सगळे जसेच्या तसे ठेवलेले मुद्रण आम्ही केव्हाही पसंत करू. कुमार गंधर्वांचे तंबोरे मिळविणे हे स्वतःच ऐकण्याजोगे असे; ते कापून गाणे तेवढे देणाऱ्याने काय दिले?

कुमारांचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा, शिवपुत्र कोमकळी, लहानपणी नामवंत गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवीत असे, आणि त्या चमत्कारापायीच त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. नंतर मुंबईस देवधर मास्तरांकडे त्याचे रीतसर शिक्षण झाले, आणि नक्कल करणाऱ्या त्या मुलाने नकलेपासून इतके दूर जाऊन दाखविले, की घराण्यांचे अभिमानी दचकले. तथापि आरंभीचा गुरू तबकडी हाच होता. आज गावोगावची मुले अशीच शिकत आहेत. जेथे गुरू नाही, तेथे दूरध्वनीतील गाणे हाच गुरू. आणि त्या गुरूची पट्टी, लय, उच्चार, श्वास यांपैकी किती खरे उरले आहे हे त्या मुलांस कोणी सांगत नाही. म्हणून आवृत्ती काढणाऱ्यांकडे आमची मागणी मोठी नाही. मूळ तबकडीचा क्रमांक द्यावा, ती कोणत्या वेगाने वाजविली आणि तो वेग कशावरून ठरविला ते सांगावे, काय पुसले नि काय कापले त्याची कबुली द्यावी, आणि शक्य असेल तेथे न पुसलेला पाठही सोबत ठेवावा. आणि परीक्षकांनी हे नसेल तेथे ते नाही असे छापून सांगावे, गायक कितीही थोर असो.

शाळेतील त्या दोन आवृत्त्यांपैकी खरी कोणती, हे पाहण्यासाठी आम्ही गावातील एका जुन्या संग्राहकाकडून मूळ तबकडी काही तासांपुरती मागून आणली. वेग बदलता येईल असे यंत्र त्यांच्याकडेच होते. तेही सोबत आले. संगीताच्या शिक्षकांनी पेटी घेतली. ७८वर साथीच्या पेटीचा सूर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कोठे तरी पडत होता. कोणत्याच पट्टीत बसेना. जुन्या पेट्या आजच्या पेट्यांशी तंतोतंत जुळतीलच असे नाही, म्हणून तेवढ्यावर आम्ही विसंबलो नाही. खटका हळूहळू खाली आणला. ७२च्या जवळ आल्यावर साथीची पेटी काळी एकवर येऊन बसली, आणि तबकडीच्या अखेरीस, दोन्ही नव्या आवृत्त्यांत कापून टाकलेले, आपले नाव सांगणाऱ्या पोक्त बाईचे बोलणे स्वच्छ ऐकू आले. मुलांनी ते पुन्हा लावावयास सांगितले.